टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवर सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या सिएना शहराभोवतीच्या डोंगराळ भागात ग्रॅव्हल सायकल (खडीच्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची सायकल) घेऊन जायचं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांकडून साधारण तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रस्त्यांबद्दल जास्त लिहिलं आहे, कागदपत्रांबद्दल कमी.

पांढरे रस्ते म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखे?

दाबून बसवलेला, डांबर नसलेला रस्ता, या अर्थी हो. पण मुरूम तांबडा, आणि तिथली खडी चुनखडीची, त्यामुळे रस्ता खरोखर पांढरा दिसतो. इटालियनमध्ये त्यांना 'स्त्रादे बियांके' म्हणतात. सिएनाच्या उत्तरेला कियान्तीच्या टेकड्यांमध्ये आल्बेरेसे नावाचा चुनखडीचा दगड सापडतो. तिथला रस्ता कडक असतो आणि त्यावर बारीक सुटी खडी पसरलेली असते. दक्षिण-पूर्वेला क्रेते सेनेसी नावाचा पट्टा आहे. तिथे जमीन राखाडी चिकणमातीची, झाडं तुरळक आणि टेकड्या उघड्याबोडक्या. हा फरक लक्षात ठेवा, कारण कोरड्या दिवशी दोन्हीकडे मजा येते, पण ओल्या दिवशी दोन्हीकडची वागणूक अगदी वेगळी असते. त्याबद्दल पुढे आहेच.

हे ओसाड रस्ते नव्हेत. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, शेतघरं यांना जोडणारे रोजच्या वापरातले रस्ते आहेत. ट्रॅक्टर येतो, टपालाची गाडी येते, भाड्याच्या मोटारीतले गोंधळलेले पर्यटकही येतात.

एवढ्या श्रीमंत भागात हे रस्ते अजून डांबरी कसे झाले नाहीत?

बरेच झाले. उरलेत ते वाचवले गेले म्हणून. 1997 मध्ये जानकार्लो ब्रोक्की यांनी गाइओले इन कियान्ती या छोट्या गावातून 'ल'एरोइका' नावाची सायकलफेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले होते. जुन्या सायकली, जुने लोकरी कपडे आणि कच्चे रस्ते असा थाट. वरवर हौस, पण हेतू सरळ होता : या रस्त्यांवर माणसं येतात हे दिसलं तर त्यांच्यावर डांबर पडणार नाही. तसंच झालं. आज पांढरा रस्ता हीच या भागाची ओळख आहे, आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांपासून सायकल दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत अनेकांची चूल त्यावर पेटते.

2007 मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. तीच आता 'स्त्रादे बियांके' या नावानं ओळखली जाते. महिलांची शर्यत 2015 पासून होते. वयानं ही शर्यत तशी पोरसवदा, पण शंभर वर्षांच्या शर्यतींच्या पंगतीला जाऊन बसली, आणि ते श्रेय रस्त्यांचं आहे.

ल'एरोइकाचा मार्ग फेरीच्या दिवशीच खुला असतो का?

नाही. 209 किलोमीटरचा कायमचा मार्ग आखलेला आहे, त्यावर तपकिरी पाट्या आहेत, आणि वर्षातल्या कोणत्याही दिवशी कोणतीही सायकल घेऊन जाता येतं. नोंदणी नाही, शुल्क नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्वतःचा मार्ग शोधत बसण्यापेक्षा हाच कणा धरावा आणि त्याचे तुकडे करावेत. पाट्या असल्या तरी फोनमध्ये मार्गाची जीपीएक्स फाइल उतरवून ठेवा. दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं, आणि एखादी पाटी नेमकी तुम्हाला वळायचं असतं त्या फाट्यावरच झाडीत लपलेली असते.

मग 209 किलोमीटर एका दिवसात करावे का? मी 300 किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) केली आहे.

करू शकाल, पण करू नका. या मार्गावर साडेतीन हजार मीटरहून जास्त चढ आहे आणि निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा आहे. बीआरएममध्ये डांबरावर जो वेग धरता तो इथे विसरा. अंधारात निघून अंधारात परत आलात तर मोन्ताल्चिनोचा किल्ला आणि क्रेतेच्या टेकड्या दोन्ही फक्त सायकल-कॉम्प्युटरवरच्या आकड्यात राहतील. तीन किंवा चार दिवसांत वाटून घ्या. इथला हिशोब किलोमीटरमध्ये करू नये, चढाच्या मीटरमध्ये करावा : दिवसाला हजार-बाराशे मीटर चढ झाला की संध्याकाळी जेवायला अंगात त्राण उरतं.

नेमक्या कोणत्या वाटा कराव्यात?

माझी क्रमवारी अशी, आणि ती माझ्या आवडीनुसार आहे.

सर्वांत आधी मोन्ताल्चिनोचा फेरा. बुओनकोन्व्हेन्तो या तटबंदीच्या गावातून निघायचं. गाव सपाटीवर आहे, रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे सुरुवात सोपी. तिथून बिब्बियानो आणि कास्तिल्योन देल बोस्कोवरून पांढऱ्या रस्त्यानं मोन्ताल्चिनोकडे चढायचं. चढ लांब आहे, मधेच टोकाचा तीव्र होतो, पण दोन्ही बाजूंना झाडी आणि मळे. मोन्ताल्चिनो साधारण 560 मीटर उंचीवर आहे. ब्रुनेल्लो नावाची प्रसिद्ध वाइन इथलीच. चौदाव्या शतकातला किल्ला पाहून डांबरी उतारानं तोर्रेनिएरीला यायचं, आणि तिथून लुचिन्यानो दास्सो व पिएव्हे आ साल्ती हे दोन लांब पांढरे टप्पे करत पुन्हा बुओनकोन्व्हेन्तो. शर्यतीत याच दोन टप्प्यांची लांबी अनुक्रमे सुमारे 12 आणि 8 किलोमीटर आहे. सगळा फेरा पन्नास-साठ किलोमीटरचा होतो. पूर्ण दिवस राखून ठेवा. एकच दिवस हातात असेल तर हाच करा, बाकी काही नको.

दुसरा क्रेते सेनेसीचा. आशानो गावातून उत्तरेला मोन्ते सान्ते मारिए हा साडेअकरा किलोमीटरचा कच्चा टप्पा सुरू होतो. शर्यतीतला हा सर्वांत निर्णायक टप्पा समजला जातो आणि तो स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलाराच्या नावानं ओळखला जातो, कारण त्यानं ही शर्यत तीनदा जिंकली. 2024 मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारनं इथूनच एकट्यानं पळ काढला आणि शेवटचे 81 किलोमीटर कुणाला मागे फिरकू दिलं नाही. आपण तिथे त्याच चढांवर श्वास टाकत उभे राहतो, आणि वर पाहिलं तर एखादं एकाकी शेतघर आणि सायप्रसची चार झाडं. सावली मात्र कुठेच नाही. परतताना लाउरेताना नावाचा डांबरी रस्ता धरा. सिएना आणि आशानोला जोडणारा हा रस्ता टेकड्यांच्या धारेवरून जातो, आणि ग्रॅव्हलच्या हट्टापायी तो टाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

कियान्तीमध्ये गाइओले ते ब्रोलियो ही छोटी फेरी अर्ध्या दिवसाची आहे. ब्रोलियोचा वाडा रिकासोली घराण्याचा. कियान्ती वाइनमध्ये कोणत्या द्राक्षांचं मिश्रण असावं याचं सूत्र एकोणिसाव्या शतकात बेत्तिनो रिकासोली यांनी मांडलं. ते इटलीचे पंतप्रधानही होते. वाड्याकडे जाणारा पांढरा चढ सायप्रसच्या रांगेतून आहे. पोचल्या दिवशी पाय मोकळे करायला उत्तम.

व्हाल द'ओर्चा ही दरी 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि कॅलेंडरवरची टस्कनी ती हीच. सान क्विरिकोहून व्हितालेता चॅपेलच्या बाजूनं कच्च्या रस्त्यानं पिएन्झाला जा. पंधराव्या शतकात पोप पायस दुसरे यांनी आपलं जन्मगाव आदर्श नगर म्हणून नव्यानं बांधून घेतलं, ते हे पिएन्झा. सकाळी लवकर जा, कारण दहानंतर चॅपेलपाशी फोटोवाल्यांची रांग लागते. परतीला बान्यो विन्योनी. या गावाच्या मधोमध चौकाऐवजी गरम पाण्याचा मोठा हौद आहे. त्यात उतरायला बंदी आहे, पण खालच्या बाजूला जुन्या पाणचक्क्यांच्या परिसरात तेच पाणी पाटानं वाहतं. तिथे बूट काढून पाय बुडवून बसा.

दक्षिणेला रादिकोफानीचा किल्ला आणि त्यापलीकडे 1738 मीटरचा मोन्ते आमियाता आहे. तिकडे चढ लांब आणि गावं विरळ. दुसऱ्या खेपेला.

चढ किती कठीण आहेत? सिंहगड चढतो, पुरेल?

पुरेल, पण सराव वेगळा हवा. सिंहगडाला एकदा चढायला लागलं की एक लय सापडते आणि वर पोचलं की काम संपतं. इथे चढ दोन-तीन किलोमीटरचे, मग उतार, मग लगेच पुन्हा चढ. दिवसभर हेच चालतं. शर्यतीच्या शेवटाकडचा ले तोल्फे हा टप्पा जेमतेम एक किलोमीटरचा आहे, पण त्यात चढ 18 टक्क्यांपर्यंत जातो. सुट्या खडीवर अशा ठिकाणी सीटवरून उठलात की मागचं चाक जागेवर फिरतं. म्हणून बसून, वजन मागे ठेवून, हलक्या गिअरमध्ये चढायची सवय करा. पुण्याजवळ राहत असाल तर कात्रज आणि बोपदेव उलटसुलट जोडून एकाच सकाळी करा, आणि जमेल तेव्हा एखाद्या कच्च्या चढावर सराव करा. त्यासाठी सह्याद्रीत जागेची कमतरता नाही.

सायकल कोणती? टायर किती रुंद?

ग्रॅव्हल सायकल, 40 मिलिमीटरच्या आसपासचे ट्यूबलेस टायर. व्यावसायिक 30-32 मिलिमीटरवर जातात, पण त्यांच्या मागे मेकॅनिकची गाडी असते. सत्तर किलोच्या माणसाला 40 च्या टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय हवा पुरते. भरगच्च हवा भरून जाणारे खूप दिसतात, आणि पहिल्याच खडखडीत उतारावर त्यांचे हात झिणझिण्या येऊन बधिर होतात.

गिअर हलके हवेत. पुढे एकच 40 दातांची चेनरिंग असेल तर मागच्या कॅसेटची सर्वांत मोठी चकती 42 दातांची तरी असावी. अहंकार घरी ठेवा. हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल) असेल तर तीही छान चालते, फक्त डांबरी जोडरस्त्यांवर जरा जड वाटेल. डिस्क ब्रेकचे पॅड जाण्याआधी बदला. पांढरी धूळ त्यांना लवकर खाते. चेनला ओलं, चिकट तेल लावू नका. कोरड्या हवेसाठीचं तेल किंवा मेण लावा, नाहीतर दुपारपर्यंत चेनवर धुळीचा जाड लेप चढतो.

आपली सायकल न्यावी की भाड्यानं घ्यावी?

आठवड्याहून कमी मुक्काम असेल तर भाड्यानं. सिएना, गाइओले आणि आसपासच्या गावांत चांगल्या ग्रॅव्हल सायकली मिळतात. मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी आधी आरक्षण करा. पेडल, बूट आणि हेल्मेट स्वतःचं न्या. शक्य असलं तर सीटही. आरक्षण करताना उंची सांगण्याऐवजी आपल्या सायकलची मापं पाठवा. मार्ग दोनच दिवसांचा असेल तर खोक्यात सायकल भरणं, विमानतळावर अधिक सामानाची घासाघीस, परत जोडणं, यात आनंद नाही.

ई-बाइकही मिळतात. घरातलं कुणी सायकल चालवतं पण एवढे चढ नको म्हणतं, अशा जोडप्यांना हा उत्तम मार्ग. एक जण साध्या सायकलवर, दुसरा ई-बाइकवर, आणि संसार सुखाचा.

जायचं कधी?

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध.

तुमच्या डोळ्यांसमोर हिरव्यागार टेकड्यांचं चित्र असेल तर ते एप्रिल-मेचं आहे. जूनमध्ये गहू पिवळा होतो. जुलैत कापणी होऊन खुंट उरतात, आणि ऑगस्टमध्ये नांगरलेली तपकिरी ढेकळं. मे महिन्याची सुट्टी हुकली म्हणून ऑगस्टमध्ये गेलेली मंडळी "हे फोटोतलं नाही" म्हणत परत येतात. तेव्हा पारा 35 च्या वर जातो आणि क्रेतेत सावली नाही. आपल्याला उन्हाची सवय असते खरी, पण पांढऱ्या रस्त्यावरून ऊन खालूनही येतं. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे पहाटे निघून दुपारी झोपून संध्याकाळी पुन्हा निघता येतं. स्थानिक लोक तेच करतात.

सप्टेंबरात द्राक्षतोडणी. अरुंद रस्त्यांवर द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर भेटतात, त्यांना वाट द्या. सिएनात मुक्काम ठरवत असाल तर 2 जुलै आणि 16 ऑगस्ट या पालिओच्या तारखा पाहा. शहरातल्या वस्त्या मुख्य चौकात घोड्यांची शर्यत लावतात, आणि त्या दिवसांत खोली मिळणं कठीण होतं.

पाऊस आला तर?

कियान्तीत असाल तर रेनकोट चढवा आणि सावकाश जा. खडीतून पाणी निचरतं.

क्रेतेत असाल तर जवळच्या डांबरी रस्त्यावर या, लगेच. भिजलेली चिकणमाती मळलेल्या कणकेसारखी टायरला चिकटते, फ्रेम आणि चाकाच्या फटीत साठत जाते, आणि थोड्याच अंतरात चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ती आता दुप्पट जड झालेली असते. जोर लावून पेडल मारलं तर मागचा डेरेलर (गिअर बदलणारा भाग) तुटण्याची भीती. 2010 च्या जिरो दितालिया या इटलीतल्या अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीमध्ये मोन्ताल्चिनोचा टप्पा अशाच पावसात झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या कादेल इव्हान्सनं तो जिंकला तेव्हा त्याच्या अंगातली विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी चिखलाखाली ओळखू येत नव्हती. ती छायाचित्रं पाहून अनेकांना तसाच चिखल हवासा वाटतो. इव्हान्सची सायकल रात्री दुसऱ्या कुणीतरी धुतली होती, एवढंच सांगतो.

पाऊस थांबल्यावर ऊन-वारा असेल तर मुख्य पांढरे रस्ते लवकर वाळतात. शेतातून जाणाऱ्या पायवाटा आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांना मात्र एक-दोन दिवस लागतात. 'कमी अंतराचा रस्ता' म्हणून फोन जे सुचवतो ते बहुधा यातलंच असतं. ऐकू नका.

उतारावर भीती वाटते. काही युक्ती?

वळणाच्या आत शिरण्याआधी ब्रेक लावा, वळणात नको. मोटारींच्या चाकांनी दोन घट्ट पट्टे पडलेले असतात, त्यातल्या एकावर राहा. मधे आणि कडेला सुटी खडी साठते. चाक थोडं घसरलं तर हँडल आवळू नका, त्याला जागा द्या. तीव्र उतारांवर रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, तिथे कोपर सैल आणि सीटपासून किंचित वर. समोरून मोटार आली की काही क्षण धुळीत काहीच दिसत नाही. चष्मा लावलाच पाहिजे, आणि उजव्या बाजूला राहिलंच पाहिजे. आपला हात सवयीनं डावीकडे वळतो, विशेषतः रिकाम्या रस्त्यावर कॉफी पिऊन पुन्हा निघताना.

तिथवर पोचायचं कसं? ट्रेनमध्ये सायकल घेतात?

फ्लोरेन्सहून सिएनाला प्रादेशिक गाडीनं सुमारे दीड तास लागतो. रोमकडून येत असाल तर प्रादेशिक गाडीनं किउझी, आणि तिथे बदलून आशानोमार्गे सिएना. सिएनाहून बुओनकोन्व्हेन्तोलाही गाडी आहे. सायकलचं चिन्ह असलेल्या प्रादेशिक गाड्यांमध्ये थोडं जादा शुल्क भरून सायकल जशीच्या तशी नेता येते. वेगवान गाड्यांमध्ये ती सुटी करून पिशवीत भरावी लागते. कियान्तीच्या गावांना रेल्वे नाही, गाइओलेला सिएनाहून सायकलनं जा किंवा टॅक्सी करा.

व्हिसा?

शेंगेन पर्यटक व्हिसा. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणं हाच खरा चढ आहे, तेव्हा लवकर लागा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलं आहे का आणि कच्च्या रस्त्यावरचा अपघात वगळला आहे का, हे बारीक अक्षरात वाचा.

वाटेत पाणी आणि खाणं मिळतं का?

गावात मिळतं, गावांच्या मधे नाही. जवळजवळ प्रत्येक गावात सार्वजनिक नळ असतो. त्यावर 'नॉन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. क्रेतेत निघताना दोन मोठ्या बाटल्या भराच.

खरी अडचण वेळेची आहे. छोट्या गावांतली दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चार-साडेचारला उघडतात. खानावळीही अडीचनंतर जेवण देत नाहीत, आणि संध्याकाळी साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. दुपारी तीनला भुकेनं कासावीस होऊन पोचलेल्या सायकलस्वारासाठी उरतो तो 'बार'. म्हणजे कॉफीचं दुकान. तिथे पॅनिनो मिळेल. उभ्या-उभ्या काउंटरवर खाल्लं-प्यायलं तर टेबलापेक्षा अनेक ठिकाणी स्वस्त पडतं. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर ते टेबलावर बसण्याचं शुल्क आहे, फसवणूक नाही.

मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

उलट. टस्कनीचं मूळ जेवण शेतकऱ्यांचं, डाळी-भाज्या-शिळ्या पावाचं. पिची नावाच्या जाड हातवळणीच्या शेवया बहुतेक ठिकाणी नुसत्या पीठ-पाण्याच्या असतात. 'पिची आल्याल्योने' मागा : टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांच्या लसणीचा रस्सा, आपल्या जिभेला लगेच पटतो. रिबोल्लिता म्हणजे घेवडा, काळा कोबी आणि शिळा पाव यांचं दाट सूप. त्यात मांसाचं पाणी आहे का हे विचारून घ्या. शिळा पाव, टोमॅटो, काकडीची पान्झानेल्ला उन्हाळ्यात. तिथला पाव अळणी असतो, मीठ विसरलेलं नसतं. दिवसभर घाम गाळल्यावर सोबत काहीतरी खारट घ्या.

दोन सावधगिरी. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज अनेकदा प्राणिज विरजणानं लावलेलं असतं, काटेकोर असाल तर चौकशी करा. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर हॅम आणि मासे त्यातून सुटतात. 'सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोशुत्तो, सेन्झा पेशे' असं सगळं म्हणा. जैन पाहुण्यांनी शेतघरातल्या मुक्कामी आदल्या दिवशी सांगून ठेवावं, कांदा-लसणाशिवायचं जेवण ऐनवेळी जमत नाही.

खिशात ठेवायला सिएनाचा पानफोर्ते घ्या. सुकामेवा, मध, मुरवलेली फळं. कोणत्याही एनर्जी बारपेक्षा सरस आणि जुना.

वाइन चाखत चाखत सायकल चालवावी का?

चाखा संध्याकाळी. इटलीत दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे, आणि 15 टक्क्यांच्या खडीच्या उतारावर न्यायालयापर्यंत जायची वेळही येणार नाही.

प्राणी, शिकारी वगैरेंची भीती?

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठी पांढरी मारेम्मानो कुत्री असतात. ती कळपाची राखण करतात, तुमच्यावर राग नसतो. कळप रस्त्यावर आला तर उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, सावकाश चालत पुढे जा. पळवायचा प्रयत्न करू नका.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांना हाकलत शिकार करतात तेव्हा जंगलातल्या वाटांवर सूचनेचे फलक लावलेले असतात. भडक रंगाचे कपडे घाला. मंगळवारी आणि शुक्रवारी इटलीत शिकारीला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा दाट झाडीतले मार्ग त्या दोन दिवसांसाठी ठेवा. गवतात बसून उठल्यावर पायांवर गोचीड आहेत का ते पाहा.

वाहतुकीचे नियम?

उजवीकडून चाला. प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, पण हेल्मेटशिवाय या उतारांवर जाणाऱ्याशी माझं काही बोलणं नाही. रात्री गावाबाहेर आणि बोगद्यात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. 'स्त्रादा प्रिव्हाता' असा फलक आणि साखळी दिसली तर परत फिरा. आणीबाणीत 112.

शर्यत पाहायला जायचं आहे.

मार्चच्या सुरुवातीचा शनिवार. पुरुष आणि महिला, दोन्ही शर्यती एकाच दिवशी, शेवट सिएनाच्या पियात्सा देल काम्पोमध्ये. त्याआधीची व्हिया सान्ता कातेरिना ही अरुंद फरसबंद गल्ली 16 टक्क्यांपर्यंत चढते, आणि गर्दी तिथेच असते. मी तिथे उभं राहणार नाही. भाड्याची सायकल घेऊन एखाद्या पांढऱ्या टप्प्यावर जा, तिथे माणसं कमी आणि रायडर हाताच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हौशी सायकलस्वारांची फेरी असते. मार्चमध्ये थंडी आणि पाऊस दोन्ही धरून चाला.

आजोबांची जुनी सायकल आहे. ल'एरोइकात चालेल?

ऑक्टोबरातल्या मूळ फेरीसाठी 1987 किंवा त्याआधीची रोड सायकल लागते : गिअरचे दांडे फ्रेमच्या तिरक्या नळीवर, पेडलला पट्टे, आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून. आजोबांची सायकल दांडीची काळी रोडस्टर असेल तर नियम आधी वाचा, आणि तिला गिअर नसतील तर चढही वाचा. लांब मार्गावरचे लोक पहाटेच्या अंधारात निघतात, ब्रोलियोच्या चढावर दोन्ही बाजूंना दिवे लावलेले असतात. वाटेतल्या थांब्यांवर एनर्जी जेलच्या पुड्या नसतात. रिबोल्लिता असते, आणि वाइन-साखर लावलेला पाव. जागा मर्यादित असल्यामुळे नोंदणीकडे वर्षाच्या सुरुवातीपासून लक्ष ठेवा.

मी नवखा आहे, हे सगळं जड वाटतंय. भूमध्य भागात दुसरं काही सोपं?

स्पेनमधलं जिरोना. तिथे जुन्या छोट्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलवाटा केल्या आहेत. ओलोत ते जिरोना पन्नासेक किलोमीटर, आणि जिरोनाहून समुद्रकाठच्या सान्त फेलिउ दे गिशोल्सपर्यंत सुमारे 40. रेल्वेचा चढ तो, त्यामुळे सौम्य. एक हंगाम तिथे करा, मग टस्कनी.

परत येताना सायकल धुवावी लागते का?

हो, आणि तीही रात्रीच, माती ओली असताना. वाळलेली क्रेतेची माती ब्रशनं निघत नाही. बहुतेक शेतघरांच्या अंगणात पाण्याचा पाइप असतो, मालकीणबाईंना विचारून घ्या. जोराचा फवारा चाकाच्या हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसाच्या जागी) मारू नका. टायरमधली हवा कमी करा, पेडल काढा, डेरेलर सुटा करून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) बांधा, आणि खोकं बंद करण्याआधी साबणाच्या पाण्यातून काढलेले बूट पूर्ण वाळलेत ना ते बघा.